बिल्ला कुणाला दाखवायचा?

जानेवारी आणि ऑगस्ट आला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक यादी फिरू लागते. नौशेऱ्याचे ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान, असल उत्तरचे अब्दुल हमीद, आणि त्यांच्याही मागे जाऊन पहिल्या महायुद्धात बेल्जियममध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे खुदादाद खान. अलीकडे या यादीत घरगुती भर पडते आहे. कुणी पणजोबांच्या पदकाचा फोटो टाकतो, कुणी आजोबांच्या छातीवरचा बिल्ला. खाली बहुतेक वेळा एकच सूर असतो: आमच्या निष्ठेचा हिशेब मागणाऱ्यांनो, हे पाहा.

या लोकांच्या शौर्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही हे फोटो पाहताना मला बरे वाटत नाही. पदक कुणाच्या तरी तोंडावर मारायला बाहेर काढले की ते ज्याचे होते तो माणूस त्यातून नाहीसा होतो. तो कुठे गेला होता, काय खात होता, कुणाविरुद्ध लढत होता, परत आल्यावर गावाने त्याच्याकडे कसे पाहिले, यातले काहीच त्या फोटोत येत नाही. आणि आपल्या बाबतीत नेमका हाच भाग सर्वांत गुंतागुंतीचा आहे.

आधी बिल्ल्याविषयीच बोलू. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये साध्या कपड्यांत फिरणाऱ्या तरुणाला रस्त्यात गाठून बायका त्याच्या हातात पांढरे पीस द्यायच्या. अर्थ असा की तू भित्रा आहेस, लढाईवर गेला नाहीस. झाले असे, की जखमी होऊन किंवा आजारी पडून सैन्यातून सुटलेल्यांच्या हातातही ही पिसे पडू लागली. म्हणून १९१६च्या सप्टेंबरात सरकारने चांदीचा एक गोल बिल्ला काढला. साध्या कोटावर उजव्या बाजूला तो लावायचा. राजासाठी आणि साम्राज्यासाठी सेवा बजावली, अशा अर्थाची अक्षरे त्यावर होती आणि मागे नंबर ठोकलेला असे. ऑस्ट्रेलियातही लढाईवरून परतलेल्यांना असाच बिल्ला मिळत असे. या बिल्ल्याचे काम साधे होते. घरी आलेल्या माणसाला त्याच्याच लोकांच्या टोमण्यांपासून वाचवायचे.

आपल्याकडे नेमके उलटे घडले. कसे, ते समजायला आधी आपले लोक कुठल्या पलटणींत होते हे पाहावे लागेल, कारण ही गोष्ट आपल्यातल्याच अनेकांना ठाऊक नसते. १९१४मध्ये ज्यांना मराठा पलटणी म्हणत, त्यांत देशावरच्या आणि कोकणातल्या मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. शिपायाचा पगार महिना ११ रुपये. यातल्या १०३, ११० आणि ११७ या तीन पलटणी सहाव्या डिव्हिजनमध्ये होत्या आणि त्या डिव्हिजनचे नावच पूना डिव्हिजन होते. १९१४च्या नोव्हेंबरात ती बसऱ्याला उतरली. समोर उस्मानी तुर्कांचे सैन्य होते. म्हणजे ज्यांच्या सुलतानाला इकडचे मुसलमान खलिफा मानत आणि ज्याचे नाव कित्येक मशिदींत जुम्म्याच्या खुतब्यात घेतले जाई, त्यांचे सैन्य. त्याच महिन्यात इस्तंबूलमध्ये शेखुल इस्लामने इंग्रजांविरुद्ध जिहादचा फतवा जाहीर केला. इकडे इंग्रज सरकारने जाहीर केले, की अरबस्तान आणि इराकमधल्या पवित्र स्थळांना आम्ही धक्का लावणार नाही. पूना डिव्हिजनमधला दख्खनी शिपाई या दोन जाहीरनाम्यांच्या मध्ये उभा होता.

ते सैन्य तैग्रिस नदीच्या काठाकाठाने बगदादकडे निघाले. १९१५च्या नोव्हेंबरात मोठी लढाई झाली ती सलमान पाक येथे. तिथे हजरत सलमान फारसी यांचा मजार आहे. सहाबींमधले ते इराणी सहाबी. खंदकाच्या लढाईत खंदक खणण्याचा सल्ला त्यांनीच दिला होता, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते. इंग्रजी कागदपत्रांत मात्र या लढाईचे नाव सलमान पाक नाही. जवळच्या प्राचीन शहरावरून तिला टेसिफोन म्हटले गेले. मुसलमान शिपाई बिथरतील म्हणून ते नाव मुद्दाम टाळले, असे त्या मोहिमेचे इतिहासकार लिहितात. शिपायांना हे कळले नसेल असे मला वाटत नाही. नकाशावरचे नाव बदलता येते, पण कुठला मजार कुणाचा हे तिथला कुठलाही खेडूत सांगतो.

लढाईत एवढी माणसे पडली की पुढे जाणे शक्यच नव्हते. जनरल टाउनशेंडने सैन्य मागे घेतले आणि डिसेंबरच्या सुरुवातीला ते कूत अल अमारा या गावात शिरले. तैग्रिसच्या वळणात वसलेले हे लहानसे गाव, तीन बाजूंना पाणी. ७ डिसेंबरला तुर्कांनी चौथी बाजूही बंद केली. वेढा चालला तो २९ एप्रिल १९१६पर्यंत.

या पावणेपाच महिन्यांवर इंग्रजीत भरपूर पुस्तके आहेत आणि त्यांत सेनापतींची भांडणे सविस्तर असतात. मला त्यात रस आहे तो पोटाच्या बाजूने. धान्य संपत आले तेव्हा घोडे आणि खेचरे कापायला सुरुवात झाली. गोऱ्या सोल्जरांनी ते मांस खाल्ले. हिंदुस्थानी शिपायांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, बराच काळ हात लावला नाही. घोड्याच्या मांसाबद्दल आपल्या फिकहमध्ये मतभेद आहेत, हनफी त्याला मकरूह मानतात आणि गाढवाचे, खेचराचे तर नाहीच. पण प्रश्न मसल्याचा कमी आणि गावाचा जास्त होता. परत गेल्यावर बिरादरी काय म्हणेल, मुलीचे लग्न कुठे ठरेल, ही भीती. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा मागवाव्या लागल्या. तारा आल्यानंतरही अनेकजण तयार झाले नाहीत. शेवटी शेवटी रोजचा शिधा मूठभर पिठावर आला. लोक नदीकाठचे गवत आणि पाला उकडून खात. मांसही नाही आणि भाजीही नाही, त्यामुळे हिंदुस्थानी शिपायांच्या हिरड्या सुजून दात हलू लागले. विमानातून पिठाची पोती टाकली गेली. वेढ्यात अडकलेल्या सैन्याला अशी हवेतून रसद पोचवण्याचा तो जगातला पहिलाच प्रयत्न मानतात. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांकडे.

मधल्या मोकळ्या जागेतून तुर्क पत्रके पोचवत. हिंदुस्थानी भाषांत छापलेली. अफसरांना मारा, इकडे या, आपण भाऊ आहोत. काहीजण गेले. बहुतेक गेले नाहीत. जे राहिले ते इंग्रजांवरच्या प्रेमापोटी राहिले असे मी म्हणणार नाही, आणि जे गेले ते सगळे दीनसाठीच गेले असेही नाही. उपाशी माणूस कुठल्या क्षणी काय ठरवतो याचा न्याय करणारे आपण कोण? एवढे मात्र दिसते, की त्याच खंदकात त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूला साताऱ्याचे आणि रत्नागिरीचे मराठे बसले होते. गाववाल्याला सोडून निघून जाणे ही फतव्याइतकीच अवघड गोष्ट असते.

कूत सोडवायला खालून आलेल्या सैन्याचे सुमारे २३ हजार लोक मेले किंवा जखमी झाले, तरी वेढा तुटला नाही. तुर्की सेनापतीला पैसे देऊन माणसे सोडवण्याचाही प्रयत्न झाला, त्याने नकार दिला. अखेर सुमारे १३ हजार लोक कैद झाले, त्यातले बहुसंख्य हिंदुस्थानी. टाउनशेंडसाहेबाला इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगला मिळाला आणि कैदेत असतानाच सर ही पदवीही. साध्या शिपायांना वाळवंटातून पायी नेले. कैदेत चार हजारांहून जास्त मेले. हिंदुस्थानी कैद्यांतल्या अनेकांना रास अल ऐन या ठिकाणी बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले. तुर्कांनी मुसलमान कैदी वेगळे काढले, हे खरे आहे. त्यांच्यातल्या सुभेदार-जमादारांना बरी वागणूक मिळाली, हेही खरे. पण उन्हात खडी फोडणाऱ्या साध्या शिपायापर्यंत खलिफाची ती मेहेरबानी फारशी उतरली नाही. त्याच रास अल ऐनमध्ये हद्दपार केलेले आर्मेनियन लोक हजारोंनी मारले जात होते. शिशिर सर्वाधिकारी हे बंगाली अँब्युलन्स कोअरमधले कैदी तिथे होते, त्यांनी पुढे बंगालीत लिहिलेल्या आठवणींत हे सगळे आले आहे.

आमच्या दूरच्या नात्यात, सातारा जिल्ह्यात, अशाच एका कैदेतून परतलेल्या शिपायाचे घर आहे. त्यांच्या नातीने, आता त्या ऐंशीच्या पुढे आहेत, मला एकदा सांगितले, "दादा लढाईचं काही बोलायचे नाहीत. रागावले की एवढंच म्हणायचे, रासलैनला पाठवीन तुला. आम्ही समजायचो रासलैन म्हणजे आगगाडीची कुठली तरी लाइन." पदक ट्रंकेत, निकाहनाम्याच्या आणि जमिनीच्या कागदांखाली ठेवलेले. छातीला लावलेले कुणी पाहिले नाही. मी विचारले, का लावत नव्हते? त्या म्हणाल्या, "कुणासमोर लावणार, बेटा?"

हा प्रश्न १९१९मध्ये परतलेल्या प्रत्येक दख्खनी शिपायासमोर होता. आधी तर घरीच काय उरले होते ते पाहावे लागे. १९१८चा पाऊस दगा देऊन गेला होता आणि त्याच सप्टेंबर-ऑक्टोबरात एन्फ्लुएंझाच्या साथीने एकट्या मुंबई इलाख्यात १० लाखांच्या आसपास माणसे नेली. लढाईतून जिवंत आलेला माणूस दारात उभा, आणि ज्यांच्यासाठी ११ रुपये पाठवत होता त्यांच्यातले निम्मे कबरस्तानात. त्यातून सावरतो न सावरतो तोच खिलाफतची चळवळ उभी राहिली. तिचे मुख्य ठाणे मुंबईतच होते. खलिफाचे राज्य इंग्रजांनी तोडले म्हणून गावोगाव सभा होत होत्या, चंदे गोळा होत होते, बायका दागिने काढून देत होत्या. आणि हे राज्य तोडायला प्रत्यक्ष बंदूक घेऊन कोण गेले होते? १९२१च्या जुलैत कराचीच्या खिलाफत परिषदेने ठराव केला, की इंग्रजांच्या सैन्यात नोकरी करणे मुसलमानाला हराम आहे. या ठरावाबद्दल अलीबंधूंना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि देशभर त्यांच्या नावाचा जयजयकार झाला. तो योग्यच होता. पण त्या जयजयकाराच्या गर्दीत पदकवाला शिपाई कुठे उभा राहिला असेल?

महात्मा गांधींनी ऑगस्ट १९२०मध्ये आपली तीन पदके व्हाइसरॉयला परत पाठवली. कैसर-ए-हिंद, झुलू युद्धाचे आणि बोअर युद्धाचे. खिलाफत हे त्यांनी दिलेले एक कारण होते. दोनच वर्षांपूर्वी हेच गांधीजी खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरून सैन्यभरती करत होते. मोठ्या माणसाला मत बदलता येते, पदक परत करता येते आणि त्या परत करण्याचाही इतिहास होतो. पेन्शनवर घर चालवणाऱ्या शिपायाला ते परवडत नव्हते. त्याने पदक ठेवले आणि लपवले. इंग्लंडातल्या शिपायाला बिल्ल्याने टोमण्यातून सोडवले, दख्खनच्या मुसलमान शिपायाला त्याच धातूने दुहेरी टोमण्यात अडकवले. स्वराज्यवाल्यांच्या लेखी तो गोऱ्यांचा नोकर आणि जमातीच्या लेखी खलिफाचा शत्रू.

पुढे या पदकांचे काय झाले ते बाजाराला विचारावे. युद्धपदक जवळजवळ शुद्ध चांदीचे, वजनाने तीन तोळ्यांच्या आत-बाहेर. अडीअडचणीला ते सोनाराकडे गेले. १९८०च्या सुमारास चांदीचा भाव एकदम चढला तेव्हा जगभर अशी पदके भट्टीत गेली. जी उरली त्यातली काही मुंबईच्या चोरबाजारात जुन्या घड्याळांच्या आणि दिव्यांच्या शेजारी पडलेली मी पाहिली आहेत.

म्हणजे तीन पिढ्या जे लपवले, वितळवले किंवा विकले, ते आता चौथी पिढी स्टेटसला लावते आहे. ऊर अभिमानाने भरून येतो म्हणून लावते, असे असते तर माझी तक्रार नव्हती. ती लावते भीतीने. माझे एक ज्येष्ठ मित्र यावर मला म्हणाले, की तुला हे बोलणे सोपे आहे. शाळेत पोराला वर्गातली मुले पाकिस्तानात जा म्हणतात, तेव्हा त्याच्या हातात द्यायला बापाकडे दुसरे काय आहे? त्यांचे म्हणणे मला खोडता येत नाही. पोराला उत्तर हवेच. फक्त हे उत्तर कमकुवत आहे, असे माझे मत आहे. पदक दाखवून हक्क मागितला की ज्याच्या घरात पदक नाही त्या विणकराचे, त्या बागवानाचे, त्या पिंजाऱ्याचे काय? त्याने कुठला बिल्ला दाखवायचा? राज्यघटनेने नागरिकत्व देताना कुणाच्या पणजोबाची पलटण विचारलेली नाही. शिवाय ते पदक इंग्रजांचे आहे, देशाचे नाही, हे समोरचा पहिल्याच वाक्यात सांगतो आणि त्याचे बरोबर असते.

यादीचा आणखी एक दोष आहे. ती अर्धीच माणसे घेते. मीर दस्त या आफ्रिदी जमादाराला १९१५मध्ये ईप्रच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. राजाने ब्राइटनच्या इस्पितळात येऊन तो स्वतःच्या हाताने लावला. विषारी वायूने पोळलेल्या मीर दस्तने राजाकडे मागणे केले ते असे, की बऱ्या झालेल्या जखमी शिपायांना पुन्हा आघाडीवर पाठवू नका. त्याचा सख्खा भाऊ मीर मस्त त्याच वर्षी मार्चमध्ये फ्रान्सच्या आघाडीवरून जर्मनांकडे निघून गेला होता. एका आईची दोन मुले. आपली यादी मीर दस्तला घेते, मीर मस्तला वगळते आणि मीर दस्तचे ते मागणेही गाळून टाकते. दुसऱ्या प्रकारची यादी करणारेही आहेत. सिंगापुरात १९१५च्या फेब्रुवारीत पाचव्या लाइट इन्फन्ट्रीच्या मुसलमान शिपायांनी बंड केले, त्यातल्या ४७ जणांना सरकारने उभे करून गोळ्या घातल्या. त्यांना सरसकट स्वातंत्र्यसैनिक ठरवून टाकले की मीर दस्त गद्दार होतो. दोन्ही याद्यांना माणूस नको आहे, पुरावा हवा आहे.

मग या पदकांचे करायचे काय? मला वाटते ती वाचावीत, शब्दशः. युद्धपदकाच्या कडेवर, म्हणजे नाण्याच्या दातऱ्या असतात त्या जागी, बारीक इंग्रजी अक्षरे ठोकलेली असतात. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण. साम्राज्याने ज्याला त्याच्या गावात कधी ओळखले नाही अशा साध्या मुसलमान शिपायाचे नाव धातूत उमटलेले आहे, ही लहान गोष्ट नाही. कारण जे परतले नाहीत त्यांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. बसऱ्याच्या स्मारकावर इराकच्या मोहिमेतल्या ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. तिथे गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली. हिंदुस्थानी साध्या शिपायांसाठी पलटणीच्या नावापुढे नुसता आकडा. २०२१मध्ये राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने स्वतःच चौकशी करून कबूल केले, की हिंदी, आफ्रिकी आणि इजिप्शियन अशा ४५ ते ५४ हजार मृतांची नोंद गोऱ्यांच्या बरोबरीने केली गेली नाही, आणि किमान १ लाख १६ हजार मृतांची नावानिशी नोंदच झाली नाही. त्यात पूर्व आफ्रिका आणि इजिप्तचे लोक सर्वाधिक.

पंजाबने आपली नोंद शोधली. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेली भरतीची गावनिहाय रजिस्टरे बाहेर आली, ३ लाख २० हजार नावे, मुसलमान, शीख, हिंदू सगळे एकत्र. सातारा, रत्नागिरी, कुलाबा, पुणे या जुन्या जिल्ह्यांच्या गावांत आजही चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर संगमरवरी पाट्या दिसतात. या गावातून महायुद्धाला इतके लोक गेले, त्यातले इतके मेले. पाटीवरही आकडाच आहे. त्या आकड्यात शेख, मुल्ला, मुलाणी, पठाण किती, हे पाटी सांगत नाही. ते सांगू शकेल अशी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत आणि दर हिवाळ्यात कमी होत आहेत.

तेव्हा ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांनी स्टेटसला लावण्याआधी एवढे करावे. भिंग घेऊन कड वाचावी. पदक चांदीचे की काशाचे ते पाहावे. काशाचे असेल तर पणजोबा बहुधा शिपाई नव्हते, मजूर पलटणीत किंवा खेचरांमागे होते, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही. कारकुनाने ऐकेल तसे नाव लिहिलेले असते, त्यामुळे आपल्या ओळखीच्या नावाचे स्पेलिंग सापडले नाही तर तोंडाने मोठ्याने वाचून पाहावे. डिस्चार्जचा कागद, पेन्शनचे पुस्तक, मनिऑर्डरची पावती यांचे फोटो काढावेत. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारावे, की ते काय खात नसत, कशाने रागावत, झोपेत काय बोलत. शौर्याचे विचारू नये, त्याचे उत्तर ठरलेले मिळते. पदक काळे पडले असेल तर चिंच किंवा राख लावून घासू नये. कडेवरची अक्षरे उथळ असतात, दोनदा घासली की जातात.